जपानी करून राहिलो

बी.ए. झाल्यावर मी जपानी भाषेचं भाषाविज्ञान शिकायला पुण्याला जाणार, हे घरी सांगितलं तेव्हा बाबा अंगणात फवारणीच्या पंपाचा वॉशर बदलत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "म्हंजे जपानी शिकून राहिला, का जपानीचं इज्ञान शिकून राहिला?"

"दोन्ही."

"गाडी चालवता येत नाई, अन् आंधीच इंजन खोलून बसतो म्हंतो."

भाषाविज्ञानाची याहून नेमकी व्याख्या मला पुढच्या सहा वर्षांत एकाही पुस्तकात सापडली नाही.

आमचं गाव मूर्तिजापूर तालुक्यातलं. जिल्हा अकोला, पण कॉलेज, मोठा दवाखाना आणि मामा अमरावतीला. त्यामुळे माझं अर्धं आयुष्य अमरावती-अकोला रस्त्यावर गेलं. हा रस्ता मी पाळण्यात असल्यापासून 'होऊन राहिला' होता. मग जून २०२२ मध्ये त्याच रस्त्यावर ७५ किलोमीटर लांबीची डांबराची एक पट्टी १०५ तास ३३ मिनिटांत टाकली गेली आणि गिनीज बुकात तिची नोंद झाली. वर्षानुवर्षं 'होऊन राहिलेली' गोष्ट आठवडाभरात 'होऊन गेली'. या दोन क्रियापदांतला फरक जरा लक्षात असू द्या, पुढे तो माझी इज्जत घालवणार आहे.

माझ्या शिक्षणाची बातमी दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर पोचली. भाषाविज्ञान म्हणजे काय, हे बाबांनी गावाला एका वाक्यात समजावून टाकलं: "पोट्टा जपानची मराठी शिकून राहिला." मी दुरुस्ती करायला गेलो. जपानची मराठी असं काही नसतं वगैरे. कुणी ऐकलं नाही. पुढे माझा प्रबंध ज्या विषयावर निघाला त्याचं शीर्षक बाबांनी पानठेल्यावर फुकटात देऊन ठेवलं होतं, हे कळायला मला दोन सेमिस्टर लागली.

तसं पाहिलं तर वऱ्हाड जपानला माझ्या आधीच जाऊन आलं होतं. १८९३ साली जमशेटजी टाटांच्या साथीने निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीने मुंबई ते कोबे अशा आगबोटी सुरू केल्या, त्या मुख्यतः इथला कापूस तिकडच्या गिरण्यांना पोचवायला. आमचा कापूस आखूड धाग्याचा, म्हणून मँचेस्टरवाले नाक मुरडायचे. जपान्यांनी तोच घेतला आणि त्याचं सूत काढून जगाला विकलं. म्हणजे पहिला वऱ्हाडी जपानला पोचला तो गठाणीत आवळून. मी निदान स्लीपर कोचने पुण्यापर्यंत गेलो.

पुण्यात जपानी शिकवणाऱ्या जागांना तोटा नाही. फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट आहे, टिळक महाराष्ट्र विद्यापीठ आहे, गल्लोगल्ली क्लास आहेत. मी नेमका कुठे शिकलो ते सांगत नाही, कारण पुढे वर्गातल्या काही गोष्टी येणार आहेत आणि मला तिथून अजून एक सर्टिफिकेट आणायचं आहे.

पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलवर पार्टनरने विचारलं, "काय करतोयस?"

मी म्हटलं, "पुस्तक वाचून राहिलो."

"वाचून राहिलास? का, अपघात झाला होता?"

दुसरा म्हणाला, "वाचून कुठे राहिलास? कोथरूडला?"

यावर ते दोघं जितके हसले तितकं मी नंतर पु. लं.च्या पुस्तकावरही कुणाला हसताना पाहिलं नाही. मग मीही शहाणा झालो. तीन महिन्यांत 'वाचतोय, जेवतोय, निघतोय' असं फर्डं बोलायला लागलो. एकदा घरी फोन केला तर माय पलीकडून म्हणाली, "कोन बोलून राहिलं?" आणि तिने फोन बाबांकडे दिला, राँग नंबर असेल म्हणून.

अभ्यासाचं म्हणाल तर सुरुवात झकास झाली. जपानी अक्षरांचा तक्ता आ-इ-उ-ए-ओ असा सुरू होतो आणि पुढच्या ओळी आ, का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा लागतात. कंठापासून ओठांपर्यंत, मग य-र-व. सिद्धम लिपीत संस्कृत मंत्र घोकणाऱ्या बौद्ध भिक्षूंनी आपली वर्णमाला डोळ्यांसमोर ठेवून हा क्रम लावला. 'सा'च्या जागी मुळात 'च' आणि 'हा'च्या जागी 'प', एवढं धरलं की कुलूप उघडतं. मी तक्त्याचा फोटो बाबांना पाठवला. त्यांचं उत्तर आलं: "हे तं आपलीच हाय. मधातले अक्षरं कोनं खाल्ले?"

कांजीने मात्र घाम काढला. सरकारी यादीत २१३६ चित्राक्षरं, आणि बहुतेकांना निदान दोन उच्चार. पाण्याची खूण एकच, पण ती एकटी असली की 'मिझु' आणि जोडशब्दात शिरली की 'सुइ'. सुरुवातीला चीड यायची. मग लक्षात आलं की आपल्याकडेही विहिरीत पाणी असतं आणि फायलीत जलसंपदा. एका गोष्टीला घरचा एक शब्द आणि कचेरीचा एक. जपानी लोक दोघांना एकाच अक्षरात कोंबतात, एवढाच त्यांचा गुन्हा.

आणि मग तो दिवस उजाडला. सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या जपानीच्या बाईंनी, फळ्यावर लिहिलं: 'ताबेते इरु'. त्या म्हणाल्या, "ताबेते म्हणजे खाऊन. इरु म्हणजे असणे, राहणे. जुन्या जपानीत याचा अर्थ बसणे, ठाण मांडणे असाही होता. शब्दशः मराठी सांगा."

पहिल्या बाकावरून आवाज आला, "खात आहे."

"ते भाषांतर झालं. शब्दशः पाहिजे. 'खात' कुठे आहे यात? 'खाऊन' आहे."

वर्ग गप्प. मी शेवटच्या बाकावर. जीभ टाळूला चिकटलेली, कारण तीन महिन्यांच्या मेहनतीने पुसून टाकलेलं वाक्य परत तोंडात आलं होतं. शेवटी म्हणालोच.

"खाऊन राहिला."

सेन्सेई दोन सेकंद माझ्याकडे पाहत राहिल्या. मग त्यांनी ते फळ्यावर 'ताबेते इरु'च्या खाली लिहिलं. खाऊनखाली खाऊन, राहिलाखाली राहिला. कोथरूडचा कुणी उल्लेख केला नाही.

त्या दिवसापासून मी वर्गात वऱ्हाडी बोलायला लागलो आणि माझे मार्क वाढले. इंग्रजीतल्या जपानी व्याकरणाच्या पुस्तकात 'ताबेते मिरु' समजवायला अर्धं पान लागतं: एखादी क्रिया करून तिचा परिणाम काय होतो ते अजमावणे वगैरे. मिरु म्हणजे पाहणे. आमची माय रोडग्याचा तुकडा पुढे करून म्हणते, "खाऊन पाय." संपलं. 'ओकु' म्हणजे ठेवणे, आणि 'शिते ओकु' म्हणजे पुढची सोय म्हणून आधीच करणे: "भाजी करून ठेवजो." 'शिमाउ'वर तर लोकांनी प्रबंध लिहिलेत, कारण त्यात काम पुरं झाल्याचा अर्थ आहे आणि झाल्यावर हळहळ वाटल्याचाही. आपल्याकडे पहिल्यासाठी 'खाऊन टाकलं' आहे आणि दुसऱ्यासाठी 'दूध सांडून बसला'. घरातून निघताना जपानी माणूस 'इत्ते किमासु' म्हणतो, म्हणजे अक्षरशः 'जाऊन येतो'. नुसतं 'जातो' म्हटलं की आमची आजी उंबऱ्यावरून परत बोलावून पाणी प्यायला लावायची. टोकियोत आजी उंबऱ्यावर उभी असते की नाही माहीत नाही, पण तिचा धाक व्याकरणात आहे.

खरं सांगायचं तर यातलं 'पाय', 'ठेवजो', 'टाकलं' साऱ्या महाराष्ट्राचं आहे. पुणेकरही करून बघतात, करून ठेवतात, करून बसतात. फक्त 'राहिला' तेवढं आमचं. त्यावर आमच्या वर्गातल्या एका विदुषीने पुस्तकी हरकत घेतली की हे तुमचं नाहीच, शेजारच्या हिंदीतल्या 'कर रहा है'वरून उचललेलं आहे. असेल. दिवाळीला शेजाऱ्याकडून आलेला चिवडा आपण खातोच ना? आणि हा चिवडा नुसता शेजारचा नाही. कॉलिन मसिका या अमेरिकन भाषापंडिताने १९७६ मध्ये भारताचा भाषिक नकाशा काढणारं पुस्तक लिहिलं, तेव्हा त्याला दिसलं की क्रियापद शेवटी टाकणं, 'करून'ने वाक्यं ओवणं, असली आपली लक्षणं हिमालयापाशी थांबत नाहीत, मध्य आशियातून थेट कोरिया-जपानपर्यंत जातात. टोकियोच्या राष्ट्रीय जपानी भाषा संशोधन संस्थेत तर प्रशांत परदेशी या मराठी माणसाने प्राध्यापक म्हणून जपानी-मराठी तुलनेचं काम केलं. 'मार खाणे', 'पैसे खाणे' अशी खाण्याची क्रियापदं आशियात कुठे कुठे काय काय खातात, त्याचा हिशेब त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला आहे. असं काही वाचलं की वाटतं, आपण निवडलेला विषय घरच्यांना अगदीच न सांगण्यासारखा नाही.

'वा' आणि 'गा' ही जपानी शिकणाऱ्यांची साडेसाती. वाक्यात कुठे 'वा' लावायचा आणि कुठे 'गा', हे कळेपर्यंत माणसाचे केस जातात. नमुन्याचं वाक्य ठरलेलं: 'झो वा हाना गा नागाइ'. हत्ती वा, नाक गा, लांब. या वाक्यात कर्ता कोण, हत्ती की नाक? मिकामी अकिरा नावाच्या गणिताच्या मास्तरांनी १९६० मध्ये याच वाक्याचं नाव देऊन अख्खं पुस्तक काढलं आणि जाहीर केलं की जपानीत कर्ता नावाची भानगडच नाही, ती युरोपातून उसनी आणलेली आहे. वर्गात यावर दोन तास खल झाला. मी वहीत लिहिलं, 'हत्तीचं तं नाक लंबं', आणि झोपी गेलो. जपानी 'वा' म्हणजे वऱ्हाडी 'तं'. "मी तं जेवलो." "पानी तं आलं, लाईन कुठी हाय?"

याच 'वा'चं आणखी एक प्रसिद्ध वाक्य आहे: 'बोकु वा उनागी दा'. शब्दशः 'मी वाम मासा आहे'. हॉटेलात बसलेला माणूस हे म्हणतो आणि त्याच्यापुढे वाम मासा येतो. यावरही तिकडे १९७८ मध्ये पुस्तक निघालं. परदेशी विद्यार्थ्यांना या वाक्याचं फार कौतुक. मला ते कळेना, कारण अकोल्याला बस स्टँडसमोरच्या एका हॉटेलात मी हे वाक्य रोज ऐकत मोठा झालो होतो. आम्ही पाच-सहा जण बसायचो. पोऱ्या दोन्ही हातांत प्लेटा घेऊन यायचा आणि विचारायचा, "आलुबोंडा कोन हाय?"

"मी."

"अन् मिसळ?"

"थो. कोपऱ्यातला."

"कट चाय?"

"आमी दोघं."

मग एकदा आमच्यातला एक जण उठून हात धुवायला गेला, तर पोऱ्याने ओरडून गल्ल्यावर सांगितलं, "मालक, आलुबोंडा पैसे न देता चालला!" यातला कर्ता कोण, हे मिकामींना विचारायला हवं होतं.

नाती आणि मानमरातब हा जपानीचा दुसरा डोंगर. 'केइगो', म्हणजे आदरार्थी भाषा. स्वतःच्या वडिलांविषयी परक्याशी बोलताना 'चिचि' म्हणायचं, साधं, बिनआदराचं. समोरच्याच्या वडिलांना मात्र 'ओतोसान'. पुण्यातली मुलं इथे अडखळली. 'आमचे बाबा म्हणाले' या वळणात वाढलेल्या पोरांना बाबांचा मान काढून घेणं जड जात होतं. मला काहीच जड गेलं नाही. 'चिचि' म्हणजे 'माहा बाप', 'ओतोसान' म्हणजे 'तुमचे वडील'. आमच्याकडे चारचौघांत हेच चालतं. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "म्हंजे तिकडेबी बापाले कोनी इचारत नाई."

नवऱ्याची स्थिती त्याहून वाईट आहे. जपानीत नवऱ्याला 'दान्ना' म्हणतात. हा शब्द बौद्ध धर्माबरोबर गेलेल्या संस्कृत 'दान'वरून आला. आधी देवळाला दान देणारा यजमान, मग मालक, मग नवरा. देणं चालूच राहिलं, फक्त देऊळ बदललं. आणि आमच्याकडे बायको नवऱ्याला ज्या शब्दाने हाक मारते तो 'अहो' ओसाकात उच्चारला तर त्याचा अर्थ मूर्ख होतो. ही माहिती मी मामींना दिली. मामी म्हणाल्या, "मले वाटलंच होतं."

या 'आहो'वरून एक खरी घडलेली गोष्ट आठवली. ओसाकाकडे मूर्खाला 'आहो' म्हणतात, टोकियोकडे 'बाका'. एका प्रेक्षकाने ओसाकाच्या टीव्ही कार्यक्रमाला विचारलं की ही सरहद्द नेमकी कुठे लागते? कार्यक्रमवाल्यांनी मनावर घेतलं, देशभरच्या गावोगावच्या कचेऱ्यांना पत्रं धाडली, आणि १९९१ मध्ये मूर्खांचा राष्ट्रीय नकाशा तयार झाला. त्यात दिसलं की क्योतो या जुन्या राजधानीभोवती पाण्यात दगड टाकल्यावर उठावीत तशी मूर्खांची वलयं आहेत. आतल्या वलयांत नवे शब्द, लांबच्या टोकांना जुने. यानागिता कुनिओ यांनी गोगलगायीच्या नावांवरून हाच सिद्धांत १९३० च्या आधी मांडला होता. राजधानी शब्द टाकून देते, कडेची गावं ते जपून ठेवतात.

मी हा प्रयोग अकोला-पुणे ट्रॅव्हलमध्ये करून पाहिला. खामगावपर्यंत 'भैताड'. जालन्याच्या ढाब्यावर 'येडं'. नगरला 'येडपट'. शिवाजीनगरला उतरल्यावर मात्र तो शब्दच बंद होतो. तिथे म्हणतात, "जरा वेगळाच आहे तो."

मामांना कडेच्या गावांचा हा सिद्धांत फार पटला. ते अमरावतीहून तासाभराच्या वाटेवर असलेल्या रिद्धपूरचे भक्त. मराठीतला पहिला गद्य ग्रंथ मानलं जाणारं 'लीळाचरित्र' तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे लिहिलं, आणि आता मराठी भाषा विद्यापीठही तिथेच झालं आहे. मामा म्हणाले, "प्रमाण मराठी कोनाची, हे तुह्या पार्टनरले इचार. म्हाइंभट लिहून राह्यले तवा सदाशिव पेठ कुठी होती?" मी विचारलं नाही. महिन्याचं मेसचं बिल त्याच्याकडे होतं.

उच्चारांचं थोडक्यात सांगतो. जपान्यांना 'ळ' येत नाही. आम्हालाही येत नाही: डोळा म्हणजे डोया, पोळी म्हणजे पोयी. भेटीवर आलेल्या एका जपानी प्राध्यापकांना वर्गाने टिळक म्हणायला लावलं. ते 'तिराकु' म्हणाले. मग वर्गाने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "टियक." त्यांनी माझ्याशी हस्तांदोलन केलं. ग्लासचं ते 'गुरासु' करतात, आम्ही 'गिलास'; जोडाक्षर दिसलं की मधे स्वर घुसवायचा, हा दोघांचाही स्वभाव. आकड्यांत मात्र त्यांनी आपल्याला धूळ चारली. सत्तावीस म्हणजे 'दोन-दहा-सात'. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस सात' आलं तेव्हा केवढा गहजब झाला, विधिमंडळापर्यंत विनोद गेले. जपानची पोरं शतकानुशतकं तसंच मोजतात आणि त्यांच्या गाड्या वेळेवर येतात. मी इथे कोणतीच बाजू घेत नाही. बाबांना कापसाचा चुकारा 'एकोणसत्तर' न म्हणता कुणी दिला तर ते परत मोजायला लावतील.

असा मी वर्गात छाती काढून फिरत होतो. दिवाळीनंतर दादाचं लग्न निघालं आणि मी त्या जपानी प्राध्यापकांकडे सुट्टी मागायला गेलो. दुभाष्या न घेता. दादाचं लग्न होऊन राहिलं, हे सांगायचं होतं. दादा म्हणजे 'आनि', लग्न करणे 'केक्कोन सुरु', आणि 'करून राहिला' तर माझं हुकमी पान. वाकून म्हणालो, "आनि वा केक्कोन शिते इमासु."

ते प्रसन्न हसले. "अरे वा. छान."

"म्हणून मला पाच दिवस सुट्टी हवी."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "तुमचे भाऊ विवाहित आहेत. म्हणून तुम्हाला सुट्टी?"

"हो. सगळा गाव येणार आहे."

"ते... कधीपासून विवाहित आहेत?"

"पुढच्या मंगळवारपासून."

जपानी माणूस समोरच्याला वेडा म्हणत नाही. त्यांनी फक्त 'सो देसु का', म्हणजे 'असं का', असं चढत्या सुरात तीनदा म्हटलं आणि सही केली.

लग्नाहून परत आल्यावर सेन्सेईंनी मला किंदाइचि हारुहिको यांचा १९५० चा निबंध वाचायला दिला. त्यांनी जपानी क्रियापदांचे चार गट पाडलेत. काही स्थिती सांगणारी. काही चालू राहणारी, खाण्यासारखी. त्यांना 'इरु' लावलं की 'खाऊन राहिला'. काही क्षणात उरकणारी, लग्न करण्यासारखी किंवा मरण्यासारखी. त्यांना 'इरु' लावलं की क्रिया संपून तिचा परिणाम उरलेला असतो. लग्न करून बसलेला आहे. मरून पडलेला आहे. चौथ्या गटाला त्यांनी 'चौथा प्रकार' एवढंच नाव ठेवलं, आणि या प्रामाणिकपणासाठी मी त्यांना मानतो.

मरण्याच्या उदाहरणाने आमच्या वर्गात वेगळाच घोटाळा झाला. 'शिनु' म्हणजे मरणे, आणि त्याचं 'मरून' हे रूप होतं 'शिंदे'. 'शिंदे इरु' म्हणजे मेलेला आहे. वर्गात शिंदे आडनावाची एक मुलगी होती. तोवर तिची हजेरी निमूट लागत होती. त्या दिवसापासून 'शिंदे-सान?' म्हटलं की मागून कुणीतरी हळूच 'इरु' म्हणायचं, आणि ती पोरगी इतक्या थंडपणे वळून पाहायची की म्हणणारा शिंदे इरु व्हायचा.

माझं राज्य मात्र गेलं. 'मरून राहिला' म्हणजे आमच्याकडे अजून धुगधुगी आहे, डॉक्टरला बोलवा. 'शिंदे इरु' म्हणजे लाकडं बोलवा. 'लगन करून राहिला' म्हणजे मांडव पडतो आहे. तिकडे त्याला दोन पोरं असतील. साकुराच्या पाकळ्या 'चित्ते इरु' म्हटलं तर त्या पडताहेत की पडून चुकल्यात, हे टोकियोच्या प्रमाण भाषेत नुसत्या वाक्यावरून कळत नाही. बाहेर जाऊन बघावं लागतं. हॉस्टेलवर पार्टनर म्हणाला, "म्हणजे तुझं वऱ्हाडी आणि जपानी एक नाहीच." मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "वाईट वाटून राहिलं." मी त्याला त्या रात्री चहा पाजला.

पण परमेश्वर आहे आणि तो पश्चिम जपानात राहतो. ग्रंथालयात बोलींच्या कपाटात मला सापडलं की ओकायामा, हिरोशिमा, शिकोकू, क्यूशू या भागात लोक 'इरु'वर समाधान मानत नाहीत. त्यांच्याकडे दोन वेगळी रूपं आहेत. क्रिया चालू असेल तर 'योरु', होऊन चुकली असेल तर 'तोरु'. पाकळ्या 'चिरियोरु' म्हणजे पडून राहिल्या. 'चित्तोरु' म्हणजे पडलेल्या आहेत. 'शिनियोरु' म्हणजे मरून राहिला, अजून वेळ आहे. 'शिंदोरु' म्हणजे आटोपलं. जो फरक राजधानीच्या भाषेला करता येत नाही तो खेड्यातली म्हातारी रोज करते, आणि ती टोकियोला गेली की लोक तिलाच हसतात. हसण्याची त्यांनी रीतसर सोय केली होती. ओकिनावाच्या शाळांत बोली बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायचे, 'होगेन फुदा'. दुसरा कुणी बोली बोलताना सापडला की पाटी त्याच्या गळ्यात. पुण्याने माझ्या गळ्यात पाटी अडकवली नाही हे मान्य करायला हवं. नुसतं कोथरूड दाखवलं.

गंमत म्हणजे सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ज्या बागेवरून बेतलं ती कोराकुएन ओकायामाचीच. म्हणजे पुणेकर रविवारी पोराबाळांसकट तिकीट काढून ज्या बागेत फिरतात ती योरु-तोरुवाल्यांची. मी पार्टनरला तिथे नेलं आणि पुलावर उभं करून हे सगळं सांगितलं. तो मासे पाहत म्हणाला, "हे मासे झोपून राहिलेत का?" मी म्हटलं, "ते बघावं लागेल."

त्या उन्हाळ्यात गावी गेलो तेव्हा बाबांना विहिरीच्या काठावर योरु-तोरु समजावलं. पऱ्हाटीची, तुरीची, बैलाची उदाहरणं दिली. त्यांनी बिडी विझेपर्यंत ऐकून घेतलं आणि फक्त एवढं म्हणाले, "कामाचं हाय हे."

गेल्या आठवड्यात त्यांचा फोन आला. आवाज चढलेला.

"मोटर गेली इहिरीवरची."

"कशी काय?"

"अरे, धूर निघून राह्यला होता तवाच वायरमनले फोन केला. म्हनलं, जळून राह्यली, ये लवकर. थो म्हने, जेवून येतो. आला चार वाजता. तोवरी पुरी कोळसा. योरु होतं तवा कोनी येत नाई बाप्पा. तोरु झाल्यावर सारे येतेत, अन् मोटरीभोवती हुभे राहून इचारतेत, कशी जळली म्हनून."

मी पोट धरून हसत होतो. तेवढ्यात ते म्हणाले, "तुह्या पीएचडीचं काय हाय? सहा वर्सं झाले. योरु का तोरु?"

मी खिडकीपाशी गेलो, मोबाइल जरा तोंडापासून लांब धरला आणि म्हणालो, "बाबा, आवाज येऊन नाई राहिला."